देवळालीचा ताप आणि पडद्यावरचा उतारा



आमच्या देवळाली कॅम्पाने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे आणि तो फारसा भूषणावह नाही. डोके ठिकाणावर नसलेल्या माणसाला इंग्रज आजही ‘डूलाली’ म्हणतात. हा ‘देवळाली’चाच अपभ्रंश. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक येथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. जहाजे सुटत ती थंडीच्या महिन्यांत. ज्याची मुदत ऐन उन्हाळ्यात संपली, त्याला दिवाळी उलटेपर्यंत येथेच बसून राहावे लागे. डोक्यावर ऊन, हाती रिकामा वेळ आणि मनात घरची ओढ. या अवस्थेत कित्येकांची बुद्धी भ्रमत असे. सैनिकांनी त्या विकाराला नाव दिले ‘डूलाली टॅप’. त्यातील ‘टॅप’ म्हणजे दुसरे काही नसून आपला साधा ‘ताप’.

कोरड्या, स्वच्छ हवेसाठी जेथे क्षयाचे रुग्ण येत, पारशी आणि गुजराती मंडळींनी जेथे हवापालटासाठी आरोग्यभवने बांधली, त्याच गावाच्या नावावर हा मनाचा तापही जमा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांचे मन रमावे म्हणून येथे गाण्या-नाटकांची पथके असत. अशाच एका पथकात काम केलेल्या जिमी पेरी या लेखकाने पुढे डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह बीबीसीसाठी ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका लिहिली. १९७४ ते १९८१ या काळात ती चालली आणि तिच्या सुरुवातीच्या भागांचे कथानक देवळालीतच घडते. अलीकडे तिचे काही भाग पाहिले. आपल्या गावाचे नाव परक्यांच्या तोंडी ऐकताना गंमत वाटते. पण चेहऱ्याला रंग फासून हिंदुस्थानी झालेला इंग्रज नट पाहताना हसू ओठांवरच थांबते.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, तो ताप येथून गेलेला नाही. फक्त रोगी बदलले आहेत. सेवानिवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर किंवा गुडघ्यांनी साथ सोडल्यावर माणसाच्या हाती तोच रिकामा वेळ येतो. त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे दूरचित्रवाणीचा संच. सकाळी सुरू झालेला हा संच रात्री झोपतानाच बंद होतो. आवाज असतो, सोबत नसते. आणि शुश्रूषा करणारी सून, लेक किंवा मुलगा त्याच खोलीतून दिवसभर ये-जा करीत असूनही कोणी कोणाशी बोलत नाही.

आमच्या आळीतील चार-पाच घरांनी गेले काही महिने एक प्रयोग चालविला आहे. शनिवारी दुपारी चार वाजता एका घरी जमायचे, ठरवून एकच चित्रपट पाहायचा, संच बंद करायचा आणि चहा घेत अर्धा तास त्यावर बोलायचे. जमणाऱ्यांत निवृत्त फौजी आहेत, शिक्षिका आहेत, चाकाच्या खुर्चीवरून येणारे एक काका आहेत आणि त्यांना आणणारी त्यांची सूनही आहे. जुने-नवे जे पाहिले, त्यांतील काहींविषयीची ही आमची साधी मते. आम्ही कोणी समीक्षक नव्हे. परंतु एक गोष्ट वारंवार अनुभवास आली आणि तीच मुख्यत्वे आपल्याला सांगायची आहे. घरात जे विषय काढण्याचे धाडस होत नाही, ते पडद्यावरील परक्या कुटुंबाच्या निमित्ताने सहज निघतात.

घड्याळाची टिकटिक

आरंभ ‘कुंकू’पासून केला. प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला १९३७ सालचा हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला पती मानण्यास ठाम नकार देते. शांता आपटे यांचे ते धगधगते डोळे आजही जुने वाटत नाहीत. पण आम्हा वयस्कांचे लक्ष केशवराव दाते यांनी उभ्या केलेल्या काकासाहेबांकडे अधिक गेले. आरशासमोर तरुण दिसण्याची त्यांची धडपड, भिंतीवरचे जुने घड्याळ आणि हळूहळू होत जाणारा स्वतःच्या वयाचा साक्षात्कार पाहताना खोलीत शांतता पसरली होती.

आरोग्याच्या दृष्टीने या चित्रपटाचा एक अनपेक्षित गुण सांगतो. शांतारामबापूंनी यात कृत्रिम पार्श्वसंगीत टाळले आहे. प्रसंगातून स्वाभाविकपणे निघतील तेवढेच आवाज ऐकू येतात. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना हे किती सुखाचे असते, हे त्यांनाच विचारावे. आजकालच्या चित्रपटांत संवादांच्या मागे सतत वाद्ये वाजत असतात. यंत्र त्यांचाही आवाज वाढवते आणि बोलणे त्यात बुडून जाते. ‘कुंकू’ची फीत जुनी असूनही आमच्यातील दोघांना त्यातील संवाद नव्या चित्रपटांहून स्पष्ट कळले. ज्यांच्या घरी ‘आजोबांना हल्ली सिनेमा समजत नाही’ अशी तक्रार आहे, त्यांनी बुद्धीला दोष देण्यापूर्वी कानांची तपासणी करून घ्यावी.

एक मत मात्र परखडपणे नोंदवितो. शेवटी काकासाहेब स्वतःचा प्राण देऊन नीरेला मोकळे करतात. त्या काळच्या समाजाला दिलेला तो धक्का होता, हे मान्य. परंतु म्हाताऱ्या माणसाचे जाणे हाच घरच्यांच्या सुटकेचा मार्ग, ही कल्पना आज कोणत्याही वृद्धाच्या मनात रुजता कामा नये. ‘मी तुम्हाला भार झालो आहे’ हे वाक्य घरात वारंवार ऐकू येत असेल, तर ते रुसवा समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांशी बोला. शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. आणि घरात अशी मनःस्थिती असताना ‘कुंकू’ पाहू नये, हेही सांगून ठेवतो.

रात्रीचा रस्ता

दिलीपकुमार हे आमच्या कॅम्पाचे जुने विद्यार्थी. येथील बार्न्स शाळेत ते शिकले आणि त्यांचे आई-वडील देवळालीच्याच मातीत विसावले आहेत. म्हणून त्यांचा एक चित्रपट पाहायचा असे ठरले आणि निवड झाली १९८४ सालच्या ‘मशाल’ची. यश चोप्रांच्या या चित्रपटाचे मूळ वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकात आहे आणि कानेटकर तर नाशिकचेच. तेव्हा हा चित्रपट आम्हाला दोन्हीकडून घरचा.

खरे सांगायचे तर उत्तरार्धातील मारामारी आता कंटाळवाणी वाटते. पण एका प्रसंगासाठी सारे क्षम्य आहे. बेघर झालेले वृद्ध दांपत्य रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावर आहे. पत्नी वेदनांनी तळमळते आहे आणि पती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोटारीपुढे हात पसरतो आहे. एकही मोटार थांबत नाही. वहिदा रेहमान यांचे विव्हळणे आणि दिलीपकुमारांचा फाटत गेलेला आवाज ऐकून आमच्यातील एक आजी उठून आत गेल्या. त्या परतल्या तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “मला रात्री काही झाले तर तुम्ही कोणाला फोन करणार?” त्यांच्या नातवाला उत्तर देता आले नाही.

त्या एका प्रश्नावर अर्धा तास गेला आणि तो सार्थकी लागला. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून विनामूल्य मिळते. पण फोन करणाऱ्याला पत्ता नीट सांगता आला पाहिजे, आणि भेदरलेल्या माणसाला आपल्याच घराचा पत्ता आठवत नाही. म्हणून एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत घराचा पूर्ण पत्ता, जवळची ठळक खूण, चालू औषधांची नावे, कशाची ॲलर्जी असल्यास ती आणि दोन शेजाऱ्यांचे क्रमांक लिहून तो दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा. आमच्या पाचही घरांत तो आता लागला आहे.

दोन बाजूंचा ‘नटसम्राट’

कुसुमाग्रजांच्या नाशिकजवळ राहून ‘नटसम्राट’ न पाहणे शक्यच नव्हते. नाटक १९७० चे. डॉ. श्रीराम लागूंचे बेलवलकर ज्यांनी रंगमंचावर पाहिले, ते आमच्यात दोघे होते आणि चित्रपट पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी दिसत होती. महेश मांजरेकरांचा २०१६ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट अंमळ मोठ्या आवाजाचा आहे. नाना पाटेकरांचे बेलवलकर कधीकधी दुःखापेक्षा त्वेषातच अधिक रमतात. परंतु त्यांचा आणि विक्रम गोखल्यांचा रुग्णालयातील प्रसंग पाहा. दोन म्हातारे मित्र, एकाची वेळ जवळ आलेली आणि दोघेही आयुष्यभर बोलत आले त्याच भाषेत, म्हणजे नाटकाच्या भाषेत, एकमेकांचा निरोप घेतात. असा प्रसंग मराठी पडद्यावर क्वचितच पाहायला मिळतो.

चहाच्या वेळी मात्र खोलीत उघड दोन पक्ष पडले. वयस्क मंडळी बेलवलकरांच्या बाजूची. ज्यांना सर्वस्व दिले त्यांनीच दाराबाहेर काढले, हा त्यांचा संताप. पण चाकाच्या खुर्चीतील काकांची सून शांतपणे म्हणाली, “त्या मुलीच्या घरात आप्पा कसे वागत होते, तेही पाहा. तोंडाला आवर नाही, पाहुण्यांसमोर मान राखणे नाही, आणि तिने कोणाकडे बोलायचे?” क्षणभर कोणीच बोलले नाही. मग काकाच म्हणाले, “माझेही तोंड थोडे सुटते, नाही का?” सासरा आणि सून या विषयावर गेल्या सहा वर्षांत प्रथमच बोलले, असे ती नंतर सांगत होती. मुलीने वडिलांवर चोरीचा आळ घ्यावा, हे अक्षम्यच. परंतु सांभाळणाऱ्याच्या थकव्याला त्या कथेत जागा नाही, हे तिचे निरीक्षण आम्हा सर्वांना पटले.

आता व्यवहाराचे. निवृत्तीच्या दिवशी भावनेच्या भरात सारी मालमत्ता वाटून टाकणे, ही बेलवलकरांची पहिली पायरी. ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम’ २००७ साली झाला. त्याच्या कलम २३ प्रमाणे, देणाऱ्याच्या मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर तो व्यवहार न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतो. न्यायाधिकरणाचे काम उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्याकडे असते. यात महत्त्वाचा शब्द ‘अट’ हा आहे. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. त्याहून सोपा मार्ग म्हणजे बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करावे. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते आणि घर शेवटपर्यंत आपल्या नावावर राहते. अडचणीत सापडलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

हत्तीच्या मागे गेलेले शास्त्रीबुवा

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा ‘अस्तु’ आम्ही दोन शनिवारांत विभागून पाहिला, कारण तो एका बैठकीत सोसला नसता. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री यांना अल्झायमर झाला आहे. मोठी मुलगी इरा त्यांना मोटारीत बसवून कामासाठी उतरते. तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जातो आणि शास्त्रीबुवा लहान मुलाच्या कुतूहलाने त्याच्या मागे चालू लागतात. एकीकडे मुलींची शोधाशोध आणि दुसरीकडे माहुताच्या झोपडीत त्या परक्या म्हाताऱ्याला लेकरासारखे जपणारी चन्नम्मा.

डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि त्यांचा अभिनय पाहताना ते सतत जाणवते. त्यांनी रोगाची नक्कल केलेली नाही. त्या हरवलेल्या नजरेत मधूनच पांडित्याची ठिणगी चमकते आणि विझते. अमृता सुभाष यांना चन्नम्माच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी योग्य. तिला शिक्षण नाही, आजाराचे नाव माहीत नाही. हा माणूस आपल्याला ‘आई’ म्हणतो आहे, तर आपण त्याची आई व्हावे, एवढेच तिला कळते.

पण आमच्या दृष्टीने चित्रपटाचा कणा आहे इरावती हर्षे यांची इरा. तिचे वडिलांवर प्रेम आहे आणि त्यांचा तिला वैतागही येतो. हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर पाहताना आमच्यातील शुश्रूषा करणाऱ्यांचे डोळे भरून आले. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला सांभाळणारी एक लेक म्हणाली, “मला राग येतो, म्हणून मी वाईट मुलगी आहे असे मला वाटत असे.” वाचकहो, आपण कोणाची शुश्रूषा करीत असाल, तर हे वाक्य कोणापुढे तरी मोठ्याने म्हणून पाहा. राग येणे हे थकल्याचे लक्षण आहे. त्याला उपाय म्हणजे आठवड्यातून काही तास दुसऱ्या कोणाच्या हाती जबाबदारी सोपविणे.

विस्मरणाच्या रुग्णाला बंद किंवा उघड्या वाहनात क्षणभरही एकटे सोडू नये. त्याच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूस नाव आणि फोन क्रमांक शिवून घ्यावा; खिशातील चिठ्ठी हरवते. त्याचे अलीकडचे छायाचित्र प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावे. कोपऱ्यावरचा दुकानदार, रिक्षावाले आणि पहारेकरी यांना आजाराची कल्पना देऊन ठेवावी. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हरवलेले माणूस सापडते ते बहुधा अशाच ओळखीच्या डोळ्यांमुळे.

‘अस्तु’ पाहिल्यावर त्याच विषयावरचा ‘थ्री ऑफ अस’ हा २०२३ साली प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट पाहिला. अविनाश अरुण यांचा हा चित्रपट फार हळू बोलतो. शैलजाला नुकतीच स्मृतिभ्रंशाची चाहूल लागली आहे. पूर्ण अंधार होण्याआधी तिला बालपणीची काही वर्षे जेथे गेली ते वेंगुर्ले पाहायचे आहे आणि शाळेतील एका मित्राला भेटायचे आहे. शेफाली शाह यांचा संयत अभिनय आणि तिला विनातक्रार सोबत करणारा स्वानंद किरकिरे यांचा पती, दोघेही मनात राहतात. काहींना तो संथ वाटला आणि एक काका चक्क झोपले. माझे मत असे की, ‘अस्तु’ हा आजार घरच्यांच्या बाजूने दाखवतो, तर हा चित्रपट तो आतून दाखवतो. निदान लवकर झाले, तर रुग्णाला स्वतःच्या इच्छा सांगता येतात, कागदपत्रांची व्यवस्था लावता येते आणि राहिलेला प्रवासही करता येतो. म्हणून वस्तूंची जागा विसरण्यापलीकडे काही घडू लागले, ओळखीचा रस्ता चुकू लागला, नेहमीचा हिशेब जमेनासा झाला, तर ‘वयाने होते’ म्हणून थांबू नये.

गणपतीच्या तोंडावर

राजेश मापुसकर यांचा २०१६ सालचा ‘व्हेंटिलेटर’ हा आमच्या यादीतील सर्वांत लबाड चित्रपट. लबाड अशासाठी की, तो हसवता हसवता जिवाच्या गोष्टीवर आणून सोडतो. गणेशोत्सव तोंडावर आला असताना कामेरकर कुळातील गजाकाका बेशुद्ध होऊन कृत्रिम श्वसनयंत्रावर आहेत. गावाहून नातेवाईकांची टेम्पोभर फौज रुग्णालयात येते. कोणाला सुतकाची चिंता, कोणाला जुन्या भांडणाची, कोणाला मालमत्तेची. रुग्णालयाच्या बाकांवरचे ते संभाषण इतके खरे आहे की, प्रत्येकाला आपापली आत्या आणि आपापला चुलता दिसला. आशुतोष गोवारीकर आणि जितेंद्र जोशी यांनी बाप-लेकाच्या अबोल्याची गाठ फार हळुवारपणे उलगडली आहे. पात्रांची गर्दी थोडी कमी असती तर बरे झाले असते, हे माझे मत. आमच्या मंडळींना ती गर्दीच आवडली.

चित्रपट संपल्यावर एका निवृत्त सुभेदारांनी आपल्या मुलाकडे पाहून, पहारा बदलावा तितक्या सहजतेने सांगितले, “बरे होण्याची आशा नसेल, तर मला असे नळ्यांवर ठेवायचे नाही.” मुलगा चपापला. पण हे बोलणे रुग्णालयाच्या दारात, रात्री दोन वाजता, भावंडांच्या भांडणात होण्यापेक्षा शनिवारी चहाबरोबर झाले हे उत्तम.

या इच्छेला आता कायद्याचा आधार आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण येण्याचा हक्क मान्य केला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश, ज्याला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात, वैध ठरविले. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. शुद्धीवर आणि समजत्या अवस्थेत असलेल्या सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेने तो कागद लिहावा, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो साक्षांकित करून घ्यावा. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, त्यांची नावे त्यात लिहावीत आणि एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यावी. प्रत्यक्ष वेळ आल्यावर डॉक्टरांची मंडळे तपासणी करूनच निर्णय देतात. एका कागदावर कोणी घाईने यंत्र बंद करीत नाही. कोणाला असा कागद नकोच असेल, तर तीही इच्छा तितकीच मानाची. तीही घरात सांगून ठेवावी.

सत्तर रुपये

इतके गंभीर पाहिल्यावर मंडळींनी बंड केले आणि ‘अशी ही बनवाबनवी’ लावायला भाग पाडले. १९८८ सालचा हा सचिन पिळगांवकरांचा चित्रपट प्रत्येकाने किमान दहा वेळा पाहिलेला. तरीही अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर आले आणि ज्यांना सकाळचे जेवण आठवत नाही अशा आजींनी पुढचे वाक्य आधी म्हणून दाखविले. विस्मरणाच्या रुग्णांसाठी नवे, गुंतागुंतीचे कथानक त्रासाचे ठरते; पण तरुणपणी पाहिलेला चित्रपट त्यांना हातचा वाटतो. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आणि हो, सुधीर जोशींचा घरमालक आठवतो ना? मधुमेहावर परदेशातून येणाऱ्या औषधासाठी त्याने दिलेले सत्तर रुपये, औषध आणणाऱ्या मित्रापाठोपाठ ‘वारतात’. आम्ही पोट धरून हसलो. मग कोणीतरी हळूच विचारले की, आपल्यापैकी कितीजणांनी मोबाईलवरच्या जाहिराती पाहून मधुमेह ‘मुळापासून’ घालविणारी चूर्णे मागविली आहेत? तीन हात वर गेले. त्यांतील एकाने तर नेहमीची गोळी बंदही केली होती. ती दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झाली. उपदेशाने जे झाले नसते, ते अशोक सराफांनी केले.

पाहण्याची रीत

आपल्या घरी किंवा आळीत असे काही सुरू करायचे असल्यास थोड्या सूचना.

चित्रपट दिवसा पाहावा. स्मृतिभ्रंशाच्या पुष्कळ रुग्णांची बेचैनी संध्याकाळी वाढते. त्यांच्यासाठी सकाळची वेळ उत्तम. रात्री उशिरा पाहिल्याने झोपेचे गणित बिघडते.

खोलीत पूर्ण अंधार करू नये. पडद्यावर डोळे खिळलेले असताना उठणारा माणूस पायांतील वायर किंवा पायपुसणे यांना अडखळतो. एक मंद दिवा चालू ठेवावा आणि स्वच्छतागृहाचा मार्ग मोकळा असावा.

दर पाऊण तासाने चित्रपट थांबवावा. ज्यांना जमते त्यांनी चार पावले चालावे. ज्यांना जमत नाही त्यांनी बसल्या जागी घोटे वर-खाली फिरवावेत. पाणी द्यावे. फरसाणाऐवजी लाह्या किंवा भाजलेले शेंगदाणे पुरतात, आणि दात नसतील तर केळे.

पडद्यावर अक्षरांची ओळ उमटविण्याची सोय असेल तर ती सुरू करावी. कमी ऐकणाऱ्याला पडद्याच्या समोर, जवळची जागा द्यावी.

संपल्यावर ‘कसा वाटला?’ असे विचारू नये. त्याला ‘छान’ या एका शब्दात उत्तर मिळते आणि बोलणे मिटते. ‘तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते?’ असे विचारावे. मग थांबावे. वयस्क माणसाला उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि आपण घाईने दुसरा प्रश्न विचारला की पहिले उत्तर कायमचे हरवते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याने त्या वेळी स्वयंपाकघरात असू नये. तिने किंवा त्याने शेजारी बसून चित्रपट पाहावा. भांडी तासभर थांबतात.

येत्या शनिवारी आमच्याकडे ‘गोदावरी’ लागणार आहे. निखिल महाजन यांचा हा चित्रपट नाशिकच्या घाटांवरच घडतो आणि विक्रम गोखले यांच्या अखेरच्या भूमिकांपैकी एक त्यात आहे. तो नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच महिन्यात गोखले गेले. गंगेचा तो काठ आमच्या प्रत्येकाच्या घरातील कोणाच्या ना कोणाच्या निरोपाशी बांधलेला आहे. तेव्हा त्या दिवशी चहा बहुधा दोनदा करावा लागेल. त्याविषयी पुढील अंकी. तोवर आपल्या घरी कोणत्या चित्रपटाने कोणता अडलेला विषय मोकळा केला, ते अवश्य कळवा.